आधी जॅकेट, मग बोट

धक्क्यावर टेबल टाकून बसलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. बोटीच्या बुडाला शेवाळ धरतं तसे ते आपोआप धरत जातात. संध्याकाळी घरी येऊन एखादा सांगायला घेतला तर नवरा म्हणतो, "थांब, कालचाच अजून संपलेला नाय!" म्हणून म्हटलं, लिहूनच टाकू. चौथीपर्यंत शिकलेय, पण अक्षर बरं आहे.

आधी थोडी ओळख. आरे-वारेच्या रस्त्यावरून खाली उतरलं की आमचा धक्का. मी पूर्वी मिरकरवाड्याच्या बंदरात मासळी विकायचे. मग आमच्या गावासमोरचा समुद्राचा तुकडा राखीव झाला. खाली पोवळ्याचे खडक आहेत, शहरातली माणसं त्याला कोरल म्हणतात. डॉल्फिनही येतात. तिथे जाळं टाकायचं नाही, पण पर्यटकांना बोटीतून फिरवायला परवानगी मिळाली. तीही कच्ची! सगळ्या बोटींना मिळून एकच. वर्षभर चूक झाली नाही तर पक्की होणार, आणि एका बोटीने नियम मोडला तर सगळ्यांचं बंद. माझ्या दिराने, बाळाने, जाळी विकून बोटीत बाकडी बसवली होती. म्हणजे परवानगी गेली की बाळाचं सगळंच गेलं.

लाइफ जॅकेट बांधल्याशिवाय कोणी बोटीत चढायचं नाही, हा पहिला नियम, आणि ती जॅकेटं बांधायचं काम बायकांच्या बचत गटाने मला दिलं. मीच का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुझा आवाज इंजिनाच्या वर जातो!"

*

पहिल्याच आठवड्यात एक पुण्याचे साहेब आले. छाती पुढे, पोट त्याच्याही पुढे. जॅकेट पुढे केलं तर हात झटकून म्हणाले, "मला गरज नाही. मी रोज सकाळी टँकमध्ये पोहतो."

म्हटलं, "टँकमध्ये दमलात तर काय करता?"

"काठ धरतो."

"इथे पलीकडचा काठ मस्कतला आहे. माझा भाचा तिथेच कामाला आहे. फोन करून ठेवू का, हात द्यायला उभा राहील!"

साहेबांनी जॅकेट घातलं. पोटावर पट्टा पुरेना, तर दुसऱ्या जॅकेटचा जोडून दिला. वर्षभरात माझ्या लक्षात आलंय, ज्याला खरंच पोहता येतं तो कधी सांगत नाही. गुपचूप हात वर करून उभा राहतो. असं का असेल?

*

एक ताई फोटोसाठी आली होती. साडी मोरपंखी, बांगड्या मॅचिंग, टिकली तेवढी लाल. जॅकेट बघून तोंड कडू झालं.

"ह्याच्यात दुसरा रंग नाहीये का हो? हा फारच भडक आहे."

"पाण्यात पडलेलं माणूस लांबून दिसायला हवं ना, म्हणून भडक."

"पण हा मला सूट होत नाही."

"ताई, तुमच्या साडीचा रंग आणि समुद्राचा रंग एकच आहे. पडलात तर फोटोत फक्त टिकली येईल!"

*

आमचे इस्माईलभाई. दाढी पांढरी होईपर्यंत मासेमारी केली, आता पर्यटक फिरवतात. माणूस देवमाणूस, नियम सगळे तोंडपाठ. एकदा साताऱ्याचं एक कुटुंब घेऊन डॉल्फिन दाखवायला गेले. आजी, आजोबा, सुना, जावई, सगळे. यायची वेळ झाली तरी बोट दिसेना! मी धक्क्यावर येरझाऱ्या घालतेय. शेवटी बोट आली ती भलत्याच बाजूने. आजोबांच्या जॅकेटला खवले चिकटलेले, जावयाच्या हातात फडफडता बांगडा, आणि सगळे बेहद्द खूश!

"इस्माईलभाई, हे काय?"

ते मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, लांबवर पक्ष्यांचा थवा पाण्यात सूर मारताना दिसला. म्हणजे खाली बांगडा. हात आपसूक वळला गो. वाईच गळ टाकला."

"राखीवमध्ये?"

"तोबा, तोबा! पार बाहेर, हद्दीच्या तरंगत्या बोयाच्या पलीकडे."

"आणि बोटीत माणसं होती ती?"

"विसरलो."

"अख्खं खानदान विसरलात? ती ओरडली नाहीत?"

"ओरडत होती ना! मला वाटलं, आमचे खलाशीच ओरडतायत."

त्या आजोबांनी जाताना मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाले, "बाई, पुढल्या खेपेला डॉल्फिन नको. आम्ही बोटीत आहोत तेवढं विसरायला लावा त्यांना!"

*

"डॉल्फिन किती वाजता येतात?" हा प्रश्न रोज असतो. मी सांगते, "आपण त्यांच्या दारात जातोय. घरी असले तर भेटतील."

डॉल्फिन दिसले की त्यांच्या मागे बोट पळवायची नाही, इंजिन बंद करून गप्प राहायचं, असा नियम. बाळाला तो अजिबात पटला नव्हता. म्हणे, "वहिनी, गिऱ्हाईक काय पाणी बघायला येतं?" मी म्हटलं, "एकदा करून तर बघ." एके दिवशी मलाच सोबत घेऊन गेला. इंजिन बंद केलं. बोट नुसती डुलत राहिली. कोणी बोलेना. मला आतून हसायला येत होतं, इतकी माणसं आणि इतकं गप्प!

मग बोटीच्या अगदी बाजूला फुस्स करून श्वास ऐकू आला. एक डॉल्फिन वर आला, तिरका झाला, डोळा वर करून आमच्याकडे बघितलं आणि खाली गेला. मग दुसरा. पुन्हा पहिला.

बाळा हळूच म्हणाला, "वहिनी, आपल्याला बघायला कोणी भाड्याची बोट करून आणलंय काय गो त्यांना?"

*

राखीवमधून काही उचलायचं नाही. शिंपला नाही, दगड नाही, कोरल तर नाहीच. एक बाई उतरताना पर्स छातीशी धरून उतरली. मासळी विकून माझी नजर अशी झालीय की टोपलीत काय दडवलंय ते झाकणावरून कळतं.

"मॅडम, पर्स उघडा."

रुमालात गुंडाळलेला कोरलचा तुकडा! त्यांच्या नवऱ्याला कुठे तोंड लपवू असं झालं. बाई मात्र ठाम. "अहो, ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकावर होतं, मेलेलंच. शोकेसमध्ये ठेवायला घेतलं."

"स्मशानात गेलात तर हाडं आणता काय शोकेससाठी?"

बाईंनी रुमाल उलगडला. तुकडा टेबलावर ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, परत उचलला आणि म्हणाल्या, "मीच ठेवून येऊ का तिथे?" पुन्हा जॅकेट बांधलं, पुन्हा बोटीत बसल्या. येईपर्यंत नवरा माझ्यासमोर चहा पीत बसला होता. म्हणाला, "तेवीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही हो. तुम्ही काय केलंत नेमकं?"

*

आता शिमग्याचं सांगते. आमच्या देवीची पालखी खाडीपलीकडच्या वाडीत होडीतून जाते, पूर्वीपासून. त्या वर्षी मान बाळाच्या बोटीला मिळाला. वाट राखीवच्या कडेने, आणि वनखात्याचा गार्ड सकाळपासून धक्क्यावर उभा. परवानगी पक्की व्हायला थोडेच दिवस राहिलेले.

मी टेबलावर जॅकेटं रचून ठेवली. मोठे मानकरी तात्या भडकले. "देवी सोबत असताना जॅकेट? भरवसा नाय तुझा देवीवर?"

म्हटलं, "देवीवर आहे. तुमच्या पोहण्यावर नाय!"

सगळा गाव माझ्यावर ओरडायला लागला. बाळा पालखीच्या पुढच्या दांड्याला, पांढऱ्या सदऱ्यात. तिथूनच म्हणाला, "वहिनी, आजच्या दिवस सोड गो. गाव वाळीत टाकेल आपल्याला."

"आणि गार्डने वर कळवलं तर? बोट होळीत टाकशील काय?"

"टाकीन! पण देवीसमोर असलं काय बांधून उभा राहणार नाय."

तात्यांनी हात वर केला, ढोल सुरू झाला, पालखी बोटीकडे निघाली.  आमच्यात मानतात, पालखी आपल्या मर्जीने चालते, भोई नुसते दांडा धरून असतात. ती बोटीच्या तोंडाशी गेली आणि थांबली. डुलली. मग गर्रकन वळली, भोई फरफटत तिच्यामागून, आणि सरळ माझ्या टेबलावर आली! दांडा ढिगावर बसला. सगळी जॅकेटं खाली.

ढोल थांबला.

तात्यांनी देवीकडे बघितलं, जॅकेटांकडे बघितलं. मग दोन्ही हात वर करून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बांध गो पोरी. घट्ट बांध."

त्यांच्यामागे सगळ्यांनी रांग लावली. पांढऱ्या कपड्यांवर केशरी जॅकेटं घालून गाव बोटीत चढला. गार्डने देवीला हात जोडले. परवानगीही पुढे पक्की झाली.

मला मात्र राहवेना. संध्याकाळी बाळा बोट बांधत होता, तिथे गेले. "बाळा, खरं सांग. पुढच्या दांड्याला तूच होतास. तूच वळवलीस ना पालखी? मी कुणाला सांगायची नाय."

बाळाने इकडेतिकडे बघितलं. सदरा बाजूला करून खांदा दाखवला. दांड्याने सोलून निघालेला, लालभडक.

"वहिनी," तो म्हणाला, "मी बोटीकडे ओढत होतो."