ज्या कागदाला नवऱ्याचा हात लागला नाही

एकलहऱ्याच्या कॉलनीतून मी लंडनला जायला निघाले तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. अब्बांनी गाडीच्या बॉनेटवर माझी प्लॅस्टिकची फाइल उघडून सगळे कागद तिसऱ्यांदा मोजले. पासपोर्ट, नर्सिंगचं सर्टिफिकेट, एजन्सीचं पत्र आणि सगळ्यात खाली काझींचा उर्दूतला कागद. मग त्यांनी ड्रायव्हरचं लायसन्स मागितलं आणि त्याचा फोटो काढून घेतला. ड्रायव्हरला ते आवडलं नाही. अम्मी खाली आलीच नाही, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी राहिली. शेजारच्या क्वार्टरमधल्या काकूंनी विचारलं, "एकटीच चाललीस?" त्या 'एकटीच'मध्ये काय काय होतं ते कॉलनीत वाढलेल्या तुम्हा सगळ्यांना कळेल. गाडी सुरू झाल्यावर अब्बा काचेपाशी वाकून म्हणाले, "कुणी जास्त चौकशी केली तर आधी मनाशी विचार, याला हे कशाला पाहिजे?"

आपल्या शाळेच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात कुणीतरी लिहिलं होतं, 'नसरीन, तू ज्यू लोकांकडे काम करतेस म्हणे? जमतं का?' खाली डोळे बारीक केलेला चेहरा होता. त्या वेळी मी उत्तर दिलं नाही. आता सविस्तर लिहिते. तुमच्यातल्या निम्म्या जणी अजून नाशकात आहेत आणि निम्म्या माझ्यासारख्या कुठे कुठे आहेत. दोन्हींकडून मला हा प्रश्न येतो आणि दोन्हींच्या आवाजात तोच संशय असतो. तो माझ्यातही होता, म्हणून मला तो लगेच ओळखू येतो.

लंडनमध्ये पहिले आठ महिने मी एका वृद्धाश्रमात होते. मग एजन्सीने मला एजवेअर भागातल्या एका घरी पाठवायचं ठरवलं. फोनवरची बाई म्हणाली की कुटुंब ज्यू आहे, मूळचं भारतातलं, तुमची काही हरकत? 'तुमची' या शब्दावर तिने थोडा जोर दिला, निदान मला तसं वाटलं. मी म्हटलं, काही हरकत नाही. ही माझ्या तोंडून काय काढू बघतेय, याचा विचार मात्र बसमध्ये बसल्यावरही चालूच होता.

दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची एक डबी तिरकी लावलेली होती; आत त्यांच्या धर्मग्रंथातली वचनं असतात, हे मला नंतर कळलं. दार उघडलं एस्तेरने. वय पन्नाशीकडे झुकलेलं, केस आखूड, नजर आधी माझ्या स्कार्फवर आणि मग माझ्या हातातल्या फाइलवर. तिने मला थेट स्वयंपाकघरात नेलं. निळ्या चिकटपट्टीची भांडी दुधाची, लाल पट्टीची मांसाची. चमचे वेगळे, घासण्या वेगळ्या, पुसायची फडकीसुद्धा वेगळी. ओव्हनला हात लावायचा नाही. खात्री नसेल तर भांडं उचलायचंच नाही, आधी विचारायचं. कपाटावर एक छोटा कॅमेरा होता. एस्तेर म्हणाली, आई पडली तर मला ऑफिसात कळावं म्हणून. आई झोपायची पुढच्या खोलीत आणि कॅमेरा होता ओट्याकडे वळलेला.

आई म्हणजे रिबकाआजी. वय चौऱ्याऐंशी, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. त्या झटक्यात आजींचं बरंचसं इंग्रजी गेलं आणि राहिली ती मराठी. एस्तेर लंडनमध्येच जन्मलेली. तिला आईची मराठी कळायची, पण बोलताना ती अडखळायची. आजींनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, कुठली गं तू? मी नाशिक म्हटलं. नाशकात कुठं? एकलहरे. थर्मल पॉवरला का, म्हणाल्या. आजी बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या मराठी ज्यूंपैकी. त्यांचे वडील रेल्वेत गार्ड होते आणि आजींचं बालपण इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं होतं. त्याही कॉलनीतल्या आणि मीही कॉलनीतली. आमचं लगेच जमलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण दारापलीकडे एस्तेरची पावलं थांबायची. ही बाई माझ्या आईशी मराठीत इतकं काय बोलते, हे ती ऐकत उभी असायची. आणि आजींना माझ्याबद्दल सगळं कशाला हवंय, असं मला वाटायचं.

पहिल्या ईदला मी त्यांच्याच ओट्यावर शीरखुर्मा केला, गॅस सकाळी एस्तेरने पेटवून दिला होता. दूध त्यांना चालणाऱ्या दुकानातून आणलेलं, पातेलं निळ्या पट्टीचं, चमचा कागदी. दुपारी तीनला वाटी आजींपुढे धरली तर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, अजून तीन तास. माझा चेहरा उतरला. मुसलमान बाईच्या हातचं नको, असं सरळ सांगायचं, घड्याळ कशाला मध्ये आणायचं? पण बरोबर सहा वाजता आजींनी हाक मारून वाटी मागितली आणि चाटून पुसून संपवली. दुपारी बाराला त्यांनी कोंबडी खाल्ली होती. मांसानंतर दूध घ्यायचं तर मध्ये सहा तास गेले पाहिजेत.

मी त्यांना विचारलं, डुक्कर आम्हालाही नाही, रक्तही नाही, जनावर कापायची रीतसुद्धा जवळजवळ एकच. मग दुधाचं हे तुम्हालाच का? आजी म्हणाल्या, "मूळ सांगणं एवढंच, की करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नका. मग विद्वानांना भीती वाटली, चुकून झालं तर? म्हणून कुंपण घातलं. मग कुंपणाबाहेर आणखी एक." आजी कोंबडीत नारळाचं दूध घालायला लावायच्या आणि खूश असायच्या. मला मात्र आत काहीतरी टोचत होतं. लहानपणी मौलवीसाहेबांनी शिकवलं होतं की बनी इस्राईलवर, म्हणजे जुन्या काळच्या ज्यूंवर, काही बंधनं त्यांच्या नाफरमानीमुळे, आज्ञा मोडल्यामुळे आली आणि पुढे आलेल्या आपल्याला त्यातून सूट मिळाली. हे आजींना कसं सांगायचं? पण काही महिन्यांनी मी सांगितलं. त्या तोंडाच्या एका बाजूने हसल्या. "तुम्हाला वाटतं शिक्षा केली, आम्हाला वाटतं जास्त विश्वास टाकला. देवाला विचारायला कोण गेलंय?"

अशाच एका दुपारी मी त्यांना माझ्या लग्नाचं सांगितलं. तुम्हाला ठाऊक आहे, माझा नवरा लग्नानंतर दीड वर्षाने आखातात गेला आणि तिथून ना पत्र, ना फोन, ना तलाक. चार वर्षं मी ना इकडची ना तिकडची. पहिल्या मौलवींनी सांगितलं, खुला, म्हणजे बायकोने मागितलेला तलाक, हवा असेल तर नवऱ्याची मंजुरी लागेल. नवराच सापडत नव्हता, मंजुरी कुठून आणू? दुसऱ्या काझींनी त्याच्या पत्त्यावर तीनदा नोटीस धाडली आणि उत्तर आलं नाही तेव्हा निकाह रद्द केला. आपल्या मजहबात, म्हणजे आपल्या इमामांच्या परंपरेत, एवढी मोकळीक नव्हती, म्हणून आपल्याच विद्वानांनी दुसऱ्या इमामांच्या मताचा आधार घेऊन ही वाट काढली आहे, असं त्यांनी मला समजावलं. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, झोपल्या.

त्यानंतर आठवड्याभरात माझी फाइल कुणीतरी उघडली. व्हिसाच्या कामासाठी मी ती बरोबर आणली होती. काझींचा कागद नेहमी तळाशी असतो, तो मधे आला होता. संध्याकाळी एस्तेर ओट्याशी उभी राहून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने हो म्हटलं नव्हतं का?" अब्बांचं वाक्य माझ्या कानात वाजलं. हिला हे कशाला पाहिजे? मला वाटलं, व्हिसाच्या अर्जावर मी 'घटस्फोटित' लिहिलंय, ते खोटं ठरवून ही मला घालवणार. मी म्हटलं, हो म्हटलं होतं, त्याने रीतसर सोडलं मला. एस्तेरने मान हलवली आणि दिवा न लावता पुढच्या खोलीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आजी माझ्याशी बोलेनात. मी त्यांचे केस विंचरत होते तेव्हा एकदम म्हणाल्या, "माझ्याशी खोटं बोललीस की तिच्याशी?" मग सगळं बाहेर आलं. एस्तेरचा इंग्रजी कोर्टातला घटस्फोट नऊ वर्षांपूर्वी झाला होता. पण त्यांच्या धर्मात नवऱ्याने स्वतःच्या मर्जीने सोडचिठ्ठी बायकोच्या हातात द्यावी लागते. तिला 'गेट' म्हणतात. ती त्याने दिली नव्हती. ती मिळेपर्यंत एस्तेर त्याचीच बायको. दुसरं लग्न करता येत नाही, आणि केलं तर होणाऱ्या मुलाला समाजात लग्नाची दारं बंद. तिला मूल हवं होतं. ते वय निघून गेलं होतं. आईकडून माझं ऐकल्यावर तिने फाइल उघडली, पण उर्दू वाचता आलं नाही, म्हणून विचारलं.

त्या संध्याकाळी मी काझींचा कागद आजींपुढे धरून ओळ न् ओळ मराठीत वाचला. एस्तेर दारात उभी होती. पती तीन वेळा बोलावूनही हजर राहिला नाही, खर्च दिला नाही, सबब हा निकाह रद्द करण्यात येत आहे. एस्तेरने फक्त एवढंच विचारलं, त्याची सही कुठे आहे? मी म्हटलं, नाही. तिने कागदावरून बोट फिरवलं आणि फाइल उघडल्याबद्दल माझी माफी मागितली. मी खोटं बोलल्याबद्दल मागितली. तरीही त्या दिवसापासून मी फाइल घरीच ठेवायला लागले.

महिन्याभराने त्यांच्या धर्मन्यायपीठासमोर तारीख होती. आजींनी हट्ट धरला म्हणून मी व्हीलचेअर घेऊन गेले. एस्तेरचा नवरा मूळचा ठाण्याचा, हसतमुख, आजींच्या पाया पडला. दोघांना आत बोलावलं. मधल्या सुट्टीत तो बाहेर आला आणि माझ्यापासून चार हातांवर उभा राहून भावाला फोन लावला. माझा स्कार्फ बघून त्याने मला कुठली समजलं कोण जाणे. मराठीत म्हणाला, "सांगितलं मी, समेट करायचाय, वेळ द्या. देत बसतात वेळ. मला कुठं घाई आहे? म्हातारी होऊ दे तिला." आजी खुर्चीत पेंगत होत्या. ऐकलं ते मी एकटीने.

मी एस्तेरला सांगितलं आणि तिने मला आत नेलं. तिथे तीन न्यायाधीश होते. मधल्या वृद्धांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, तुमची साक्ष मला नोंदवता येणार नाही. आमच्या नियमात बाईची, त्यातून परधर्मातल्या बाईची साक्ष बसत नाही. मनात आलं, माझ्या वेळी काझींनीही कॉलनीतल्या दोन पुरुषांना साक्षीला बोलावलं होतं आणि सगळं डोळ्यांनी पाहिलेली अम्मी बाहेर बाकावर बसली होती. वृद्ध पुढे म्हणाले, पण प्रश्न विचारायला मला कुणाची आडकाठी नाही. त्यांनी नवऱ्याला बोलावून एवढंच विचारलं, मघाशी फोनवर आपण कुठल्या भाषेत बोलत होतात? त्याने वळून माझ्याकडे पाहिलं; मला मराठी कळतं, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

मी धीर करून त्या न्यायाधीशांना विचारलं, आमच्या काझींसारखं तुम्हीच का नाही सोडवत? ते रागावले नाहीत. म्हणाले, तुमच्या काझींच्या मागे जुन्या काळी राजा असायचा, राजाच्या वतीने ते गाठ तोडू शकत. आमच्यात गाठ त्या दोघांची. लिहिलेलं असं आहे की त्याने द्यावं. आम्ही त्याच्यावर दबाव आणू शकतो, पण त्याच्या हाताऐवजी आमचा हात घालू शकत नाही. मला ते पटलं नाही. त्यांनाही ते पूर्ण पटलं असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

पण दबाव त्यांनी आणला. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेच्या वेळी त्याला मान मिळेना, सणाला कुणी बोलावेना. सात महिन्यांनी तो आला आणि 'गेट'चा बारा ओळींचा कागद त्याने एस्तेरच्या ओंजळीत टाकला. मी आजींबरोबर बाहेर होते. एस्तेर बाहेर आली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. आजी एका चालत्या हाताने तिची पाठ थोपटत होत्या.

या वर्षी मी सुट्टीवर निघाले तेव्हा एस्तेर म्हणाली, मीही येते, आईची इगतपुरी बघायची आहे. आजींना दहा दिवस नर्सिंग होममध्ये ठेवलं. अब्बा रिटायर झाल्यावर क्वार्टर गेलं, आता घर म्हणजे जेल रोडचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मी फोनवर सांगितलं तेव्हा अम्मी म्हणाली, तिला आपल्याकडं काय बघायचंय? अब्बांनी विचारलं, शेजाऱ्यांना काय सांगायचं?

आम्ही पोचलो तर ओट्यावर नवीकोरी भांडी होती. अम्मी स्वतः भांडी बाजारात जाऊन दोन पातेली, ताटं, उलथनं घेऊन आली होती. मी फोनवर जे जे सांगितलं होतं ते तिने लक्षात ठेवलं होतं. डाळ धुतलेली, कांदा चिरलेला, मांसाचा वाससुद्धा घरात नाही. एस्तेरने मला हळूच सांगितलं की गॅस ती पेटवेल आणि पातेलंही तीच चढवेल. अम्मीचा हात लायटरवरच थांबला.

"क्यूं? मेरे हाथ पे भरोसा नहीं?"

मी समजावलं की अविश्वास नाही, त्यांच्यातल्या कुणी विस्तव पेटवला की बाकी सगळं तू केलेलं तिला चालतं. अम्मीने विचारलं, आणि आपल्याला तिच्या हातचं चालतं? मी म्हटलं, चालतं, त्यांचं अन्न आपल्याला हलाल आहे. मग त्यांनाच का नाही, अम्मी म्हणाली. मी आजींकडून ऐकलेलं सांगितलं. थोडे लोक, गावोगाव दुसऱ्यांमध्ये विखुरलेले. एका पंगतीत जेवले की पुढे सोयरीक होते आणि आपलं असं काही उरत नाही, म्हणून त्यांनी चुलीवरच पहारा बसवला.

अम्मी खिडकीबाहेर बघत होती. "थोडे तर आपणही आहोत इथं," ती म्हणाली आणि लायटर एस्तेरच्या हातात दिला.

एस्तेर दोनदा वाढून घेऊन जेवली. निघताना अम्मीने तिला मिठी वगैरे मारली नाही, नुसती मान हलवली. पण परवा अब्बा फोनवर तक्रार करत होते. त्या नव्या पातेल्यात चहा टाकायला घेतला तर अम्मीने ते हातातून काढून घेतलं, धुऊन, कापडात बांधून वरच्या फळीवर ठेवलं. एस्तेर परत आली तर लागेल, म्हणाली.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं म्हणायचं? मला दोन आहेत. दोन्हीकडे काही भांड्यांना मी विचारल्याशिवाय हात लावत नाही.