भाऊसाहेबांच्या ऑस्टिनचं कुशनकाम

जुन्या गाडीची सीट उचलली की खाली काय काय निघतं! कंगवा, सुपारी, बांगडीचे तुकडे, एकदा तर कोणाची तरी कवळी निघाली. वाशीमच्या स्टेशन रोडवर कुशनच्या दुकानात मी शिलाई मशीनवर वीस वर्षं काढली. किस्सेही तसेच साचत गेले. आज फक्त एकाच गाडीचे सांगतो.

गाडी म्हणजे शेलूबाजारकडच्या भाऊसाहेबांची काळी ऑस्टिन. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. पोराचं लग्न पंधरा दिवसांवर, आणि गाडीच्या दारांचे आतले पुठ्ठे सडलेले, खाली गालिचा नाही. त्यांनी आमच्या तुळशीराम मिस्त्रीला आधीच बजावलं, "चालत्या गाडीत दार वाजलं ना, तर सारं उखडून अकोल्याले देईन!"

मिस्त्री भाऊसाहेबांच्याच गावचा. घरचे सगळे बौद्ध होऊन अठरा वर्षं झालेली, पण म्हाताऱ्या बापाची सवय काही जात नव्हती. ही गाडी दिसली की तो अजून रस्त्याच्या कडेला उभा राहायचा, हात जोडून, मान खाली घालून. मिस्त्रीला त्याची लाज वाटायची आणि रागही यायचा. "किती सांगू बाले," म्हणायचा, "ऐकतच नाई."

*

पहिल्या दिवशी दाराचा पुठ्ठा काढला, तर आत उंदरांचं घर!

भाऊसाहेब समोरच उभे. तडकून म्हणाले, "आमच्या घरी उंदीर नाईत! तुमच्या दुकानातले असतील."

मिस्त्रीने दारात हात घालून मूठभर तुरीच्या शेंगा काढल्या आणि त्यांच्यापुढे धरल्या.

"असतील आमचे उंदीर. तूर तं तुमची हाय ना?"

*

पुढचा किस्सा माझ्या मूर्खपणाचा. जुन्या पुठ्ठ्यावरून कागदाचा नमुना काढला, त्यावरून हार्डबोर्ड कापला, रेक्झिन ओढून चिकटवलं. झकास काम! लावायला गेलो तेव्हा कळलं, दुसऱ्या बाजूसाठी नमुना उलटा करायचाच राहिला. दोन्ही पॅनल डाव्या दाराचे!

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, पॅनलकडे पाहिलं.

"देवीदास, आता तूच जाय अन् भाऊसाहेबाले सांग, म्हणा दोन्ही दारं एकाच बाजूले लावून घ्या!"

*

पॅनल दाराला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा अकोल्यातही मिळेनात. मिस्त्रीने छत्रीच्या काड्या वाकवून तशाच क्लिपा बनवल्या. दार वाजू नये म्हणून मागे घोंगडीचे तुकडे कोंबले. मी खूश झालो.

पहिला वळीव आला तेव्हा खुंटीवरची माझी छत्री शोधत बसलो.

*

मग गालिचा. मरून रंगाचा, कडेला शिवण माझी. भाऊसाहेबांची त्या दिवशी कोर्टात तारीख होती. म्हणाले, "चला, ह्याच गाडीत जातो." ड्रायव्हर त्यांना घेऊन गेला.

गाडी गेली आणि पाहतो तर रस्त्यावर त्यांचे जोडे! मी सायकल काढली. कोर्टापुढे भाऊसाहेब तापलेल्या फरशीवर एकदा हा पाय, एकदा तो पाय करत होते.

"अजी, जोडे काहून काढले?"

"नवा गालिचा हाय ना बे! जोडे घालून कसा बसू?"

*

शेवटी आवाजाची परीक्षा. ह्या कामाची रीतच अशी, की फिटिंग करणाऱ्याने मागे बसायचं, दाराला कान लावायचा आणि गाडी खराब रस्त्यावरून न्यायची. ड्रायव्हर लग्नाच्या पत्रिका वाटायला गेलेला, म्हणून भाऊसाहेब स्वतः चालवायला बसले. मिस्त्री म्हणाला, "तुमच्या गावाकडूनच घ्या. तसे खड्डे वाशीमात नाईत."

मागे एका दाराला मी, दुसऱ्याला मिस्त्री. गावात शिरलो. एकेक खड्डा विहिरीएवढा! भाऊसाहेबांची नजर फक्त खड्ड्यांवर. माझ्या दारातून चकार शब्द नाही.

मिस्त्रीच्या घरापुढे त्याचा बाप बसला होता. गाडी दिसताच उठला, हात जोडले, मान खाली घातली. गाडी पुढे गेली.

"आवाज येऊन राह्यला," मिस्त्री म्हणाला. "परत एक चक्कर मारा."

"मले तं काही ऐकू नाई आलं."

"मागं बसल्यावर येते."

गाडी वळली. मी दोन्ही दारांना कान लावून पाहिला. काही नाही! म्हातारा पुन्हा उठला, पण ह्या वेळी मान वर होती. मागच्या दाराच्या काचेत त्याला आपला पोरगा दिसला आणि त्याचे जोडलेले हात तसेच राहिले.

"अजून येऊन राह्यला," मिस्त्री म्हणाला.

भाऊसाहेब वैतागले. "आवाज असन तं काम अकोल्याले देईन, सांगून ठेवतो!"

"द्या. पण अजून एक चक्कर मारा."

आठ दिवसांची मेहनत हा माणूस आपल्याच तोंडाने घालवत होता!

गाडी तिसऱ्यांदा वळली. म्हातारा बसलेला होता. गाडी जवळ आली, समोरून गेली, मागे पडली. तो बसलेलाच होता.

मिस्त्रीने दारावरचा कान काढला आणि सीटला पाठ टेकली.

"गेला आवाज, भाऊसाहेब. घ्या आता वाशीमले."