मायतेने लावलेली बेचाळीस झुडपं

मे महिन्यातल्या एका शनिवारी ड्राय क्रीक गावच्या अग्निशमन केंद्राच्या आवारात तिथला प्रमुख बेन्यात याने जुनिपर नावाच्या सदाहरित झुडपाला खालून ज्योत लावली. गावातली तीसेक माणसं कागदी बशांतून मटणाचा रस्सा आणि पाव खात उभी होती. झुडूप नुकतंच तोडलेलं, हिरवंगार होतं. आधी नुसता धूर निघाला तसं कुणीतरी हसलं. मग आतून तडतडाट झाला आणि जाळ दोन पुरुष उंच गेला. बेन्यातची थोरली बहीण मायते एचेगाराय पुढेच उभी होती. तिने मनातल्या मनात आकडे मोजले. अकरापर्यंत येईतो झुडपाचा काळा सांगाडा उरला होता.

"वर्षानुवर्षांची वाळकी पानं पोटात साठवून ठेवतं हे," बेन्यात लोकांना सांगत होता. "वरून सोज्वळ, आतून रॉकेल."

लोक परत हसले. मायतेला मात्र गावचा वृद्धाश्रम आठवला. तिथल्या खिडक्यांखाली असली बेचाळीस झुडपं होती, आणि ती तिनेच निवडली होती.

मायतेची गावाबाहेर छोटीशी रोपवाटिका होती. अमेरिकेतल्या नेवाडाच्या या पठारावर वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम नऊ इंच पडतं, आणि जानेवारीत थंडी हाडं फोडते. दुकानाच्या मागे तिचा एक वाफा होता. कुठलंही नवीन रोप तिथे पहिला उन्हाळा पाणी पिऊन काढायचं, नंतर तीन हिवाळे स्वतःच्या जिवावर. थंडीपेक्षा कोरडा वारा जास्त रोपं मारतो, हे ती त्या वाफ्यात शिकली होती. तीन हिवाळ्यांनंतर जे जगेल तेच ती विकायची. बारा वर्षांपूर्वी गावाने हिरवळीचं पाणी बंद केलं, तेव्हा हिरवळीच्या जागी काय लावावं, असं वृद्धाश्रमाने तिला विचारलं. तिने जुनिपर सुचवलं. पाणी मागत नाही, बर्फाला भीत नाही, बाराही महिने हिरवं. गावच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता.

शनिवारी दुपारीच ती वृद्धाश्रमावर गेली. पहिल्याच झुडपात तिने कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आली ती मूठभर तपकिरी, कुरकुरीत पानं. झुडपाचा शेंडा छपराच्या कडेला टेकला होता, आणि कडेखाली पोटमाळ्यात हवा खेळावी म्हणून ठेवलेली जाळी होती. तिने मागे वळून पाहिलं. कुंपणापलीकडे टेकडीच्या माथ्यापर्यंत चीट नावाचं उपरं गवत माजलं होतं. महिन्याभरात ते सगळं वाळून सरपण होणार होतं.

"काय हरवलंय गं पोरी?" खिडकीतून वेंडेल प्रूइटने विचारलं. हा रेल्वेतून निवृत्त झालेला म्हातारा पूर्वेकडच्या खोल्यांत राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायचा.

"काही नाही, मिस्टर प्रूइट. झाडं बघतेय."

"बघ की. तुझीच तर आहेत."

सोमवारी ती वृद्धाश्रमाची व्यवस्थापिका कार्ला ऑस्टलर हिच्यासमोर बसली आणि सगळी झुडपं काढायला हवीत म्हणाली.

"मायते, ही झाडं काही मागत नाहीत, असं तूच सांगितलं होतंस ना?" कार्ला म्हणाली. "आता ती म्हाताऱ्यांची सावली आहेत. त्यांच्या बुडाशी लावा पक्ष्यांची घरटी आहेत. ऐन उन्हाळ्यात मी खिडक्या उघड्या पाडू?"

"माझं चुकलं होतं."

"सप्टेंबरात संचालक मंडळाची बैठक आहे. तेव्हा मांड."

सप्टेंबर म्हणजे आगीचा मोसम सरत आल्यावर. मायते घरी आली ती भीती बरोबर घेऊनच. जून लागला तसं तिला जेवण जाईना. सकाळी उठून ती आधी आकाश बघायची, मग वारा. कुठे ट्रॅक्टरचा धुरळा उठला तरी ती धूर समजून बाहेर धावायची. एकदा पिकअपमध्ये पाण्याची टाकी घालून ती वृद्धाश्रमाची झुडपं भिजवायला गेली. बेन्यातने ते पाहिलं.

"अगं वेडे, वाळकं पान वाऱ्यावर तासाभरात परत वाळतं. टाकीने काय होणार?"

"मग मी काय करू?"

"कार्लाला सोड. तिथे राहतं कोण? त्यांच्याशी बोल."

म्हणून ती न्याहारीच्या वेळी तिथे गेली आणि टेबलांच्या मधे उभी राहिली. लोकांसमोर बोलायची तिला सवय नव्हती. आपण काय लावलं आणि ते कसं जळतं, हे तिने लपवाछपवी न करता सांगितलं.

"त्याच्या जागी काय लावशील?" वेंडेलने विचारलं.

"भिंतीलगत पाच फूट नुसती खडी. त्यापुढे बुटकी, चटकन न पेटणारी रोपं. सेडम, आयरिस, पेनस्टेमन, निळं जवस. दोन रोपांच्या मधे मोकळी जागा."

"म्हणजे सावली गेली."

"गेली. खोटं सांगत नाही."

वेंडेलने काटा बशीत ठेवला. मग म्हणाला, "रेल्वेत बत्तीस वर्षं काढली. चूक कबूल करणारा साहेब एकदाही भेटला नाही. माझ्या खिडकीखालचं काढ."

कार्लाने शेवटी एवढंच मान्य केलं, की जो सही देईल त्याच्याच खिडकीखालचं झुडूप काढायचं. पूर्वेकडच्यांनी वेंडेलच्या मागे सह्या केल्या. पश्चिमेकडे आर्डिस नेल्सन नावाची निवृत्त शिक्षिका होती. तिचा तिथे शब्द चाले.

"मी इथे बर्फात हिरवं बघत जगते, मायते," ती म्हणाली. "तू मला दगड देतेस."

पश्चिमेकडून एकही सही आली नाही. मायते आणि बेन्यातने दोन दिवसांत तेवीस झुडपं कापली. एकोणीस राहिली. तिने खडी पसरली, रोपं लावली, आणि पहिल्या उन्हाळ्याचं पाणी घालायला रोज सकाळी जाऊ लागली. जाताना-येताना त्या एकोणीस झुडपांकडे ती बघायची नाही.

ऑगस्टच्या अकरा तारखेला दुपारी एकच्या सुमारास टेकडीपलीकडे पावसाविनाच वीज पडली. मायते तेव्हा दुकानात होती. धूर दिसला तेव्हा तो पांढरा होता, ती वृद्धाश्रमापाशी पोचेपर्यंत तपकिरी झाला. वारा गावाच्या दिशेने होता. शाळेच्या दोन बसगाड्या दारात लागल्या होत्या आणि कार्ला हातातल्या यादीवरून नावं पुकारत होती.

"पश्चिमेकडे अजून चौघं आहेत," ती म्हणाली.

मायते धावली. आर्डिस चाकाच्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. कुंपणाच्या आतलं गवत पेटलं होतं.

"माझा चष्मा," आर्डिस म्हणाली.

"राहू दे चष्मा."

खुर्ची वळवतानाच काचेबाहेर पहिलं झुडूप पेटलं. तोच तडतडाट. मायते नकळत मोजू लागली, आणि पाचावर असतानाच शेजारचं पेटलं. काच तडकली. खुर्चीचं पुढचं चाक उंबऱ्यात अडकलं. तिने जोर लावला, तरी ते सुटेना. तोंडातून प्रार्थना निघेना, नुसतं "चल, चल, चल" निघत राहिलं. बेन्यातच्या जवानांपैकी एकाने आर्डिसला खुर्चीसकट उचललं. बाकीच्या तिघांना कार्ला मागच्या दाराने घेऊन गेली.

आग जाळीतून माळ्यात शिरली. संध्याकाळपर्यंत पश्चिमेची बाजू जळून कोसळली. पूर्वेकडे जाळ खडीपर्यंत आला. मायतेची कोवळी रोपं करपली, पण भिंतीला धग पोचली नाही. दोन्ही बाजूंच्या मधल्या दाराशी बेन्यातच्या लोकांनी पाण्याचा मारा धरून ठेवला आणि ती बाजू वाचली. माणसं सगळी वाचली.

शाळेच्या व्यायामशाळेत खाटा मांडल्या होत्या. आर्डिस एका खाटेवर बसली होती. मायते तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"मी सही केली नाही," आर्डिस म्हणाली.

"लावली मी होती."

मायतेने तिचे हात धरून ठेवले.

गावाने मायतेचं कौतुक केलं. वर्तमानपत्रवाले परत फोटो काढायला आले, तेव्हा ती मागच्या दाराने निघून गेली. वाचलेली अर्धी इमारत लोकांना दिसत होती. तिच्या डोळ्यांपुढून उंबऱ्यात अडकलेलं चाक जात नव्हतं. सप्टेंबरात तिने परीक्षेच्या वाफ्याशेजारी एक लोखंडी परात ठेवली. तीन हिवाळे काढलेल्या रोपाची फांदी ती भर दुपारच्या उन्हात त्यात पेटवून बघायची. झटकन पेटली, तर रोप विकायचं नाही. आवडती कितीतरी रोपं अशी बाद झाली.

एवढ्याने भागणार नव्हतं. वीस वर्षांच्या जुन्या पावत्या काढून तिने शोधलं, तर गावातल्या एकसष्ट घरांना तिने जुनिपर विकलं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पिकअपमध्ये करवत टाकून ती त्यांतल्या पहिल्या घरी गेली. माल्डोनाडोंचं घर, खिडकीखाली तीन झुडपं. तिने दार वाजवलं, आणि ते उघडलं.

"मी मायते," ती म्हणाली. "तुमच्या भिंतीलगतची ही झाडं मी दिली होती. जरा बाहेर याल का? तुम्हाला त्यांच्या आत काय आहे ते दाखवायचंय."