काढता-घालता सेल

आखाडा बाळापुरात ज्या वस्तूचं झाकण माझ्या बायकोच्या मामांनी उघडलेलं नाही, ती वस्तू एक तर अजून कारखान्यातून निघालेली नाही, किंवा तिला झाकणच नाही. मामांचा धंदा शेतातल्या मोटारींना वाइंडिंग करण्याचा, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही. मिक्सर, इस्त्री, वजनकाटा, समोर येईल ते ते उघडतात, आत डोकावून "बराबर हाय" म्हणतात आणि झाकण बाजूला ठेवून चहाला जातात. सेल तर त्यांच्या लेखी गावाच्या मालकीचे. टीव्ही लावायचा असला की भिंतीवरच्या घड्याळातला सेल रिमोटमध्ये जातो, त्यामुळे बातम्या सुरू झाल्या की त्या घरात वेळ थांबतो. एकदा मोटार घेऊन आलेला एक शेतकरी नुसतं म्हणाला की टॉर्च मंद झाली आहे. मामांनी मामींच्या रेडिओतले सेल काढून त्याच्या हातावर ठेवले. मामी त्या वेळी रेडिओवर भजन ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला, पण वाढला नाही.

मामांचं दुसरं व्यसन बिडी. दुकानाला लागून एका शिंपीचाचांचं दुकान आहे, आणि दोघांच्या मधल्या बाकावर बसून एका काडीत दोन बिड्या पेटवायच्या हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. गेल्या वर्षी चाचांच्या गळ्याचं नांदेडला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते गळ्याला एक छोटं यंत्र लावून बोलतात. डब्यात भुंगा अडकावा तसा एकसुरी आवाज येतो. चाचा पहिल्यांदा तसे बोलले त्या दिवशी मामांनी बिडीचं बंडल नालीत टाकलं आणि चौथ्या दिवशी नवं आणलं. मग आपल्याच्यानं हे नुसतं सुटणार नाही हे कबूल करून त्यांनी एक नळी बनवायला घेतली. स्टोव्हच्या पंपाची पितळी नळी, आत स्वतः गुंडाळलेली तार, ओव्याचं पाणी आणि चार्ज होणारा एक सेल. ओढली की वाफ येणार, तंबाखूचं नाव नाही. डॉक्टरांना दाखवली तर ते म्हणाले, हे मी पाहिलंच नाही असं समजा. मामांनी याचा अर्थ परवानगी असा घेतला.

घोडं अडलं ते सेलपाशी. सेल आत कायमचा बसवायचा की काढता-घालता ठेवायचा? जे उघडत नाही ते आपलं नव्हे, हे मामांचं तत्त्व; बंद पेटीवर त्यांचा भरवसा नाही. मामींचं म्हणणं उलट. "काढता ठेवला की हे कुनालाबी काढून देतील," त्या मला म्हणाल्या, "आन् नळी बंद पडली की हायेच बिडी." सोयाबीन निघाल्यापासून तुरी सोंगेपर्यंत हा वाद चालला. मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मत द्यावं लागे, त्याशिवाय मोटार परत मिळत नसे. या सगळ्या काळात मामा बिडी ओढत होते, कारण निर्णय व्हायचा होता. शेवटी चाचांनी यंत्र गळ्याला लावलं आणि दोनच शब्द काढले, "अंदर बिठा." मामांनी मुकाट्यानं सोल्डर मारून सेल आत बसवला, टोपण डिंकानं चिकटवलं आणि दिवसभर जेवले नाहीत. पण बिडी सुटली. दोन महिने त्यांच्या सदऱ्याला ओव्याचा वास येत होता आणि मामी माहेरच्या माणसांना तो सदरा हुंगायला लावत होत्या.

मग चाचा बाकावर येईनासे झाले. तीन दिवस मशीनवर मान घालून बसलेले, हाक मारली तरी वर बघेनात. रुसले असतील म्हणून मामांनीही तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी मी आणि बायको तिथे होतो. मामींनीच मामांना हाताला धरून शेजारी नेलं. चाचांनी खडू उचलला आणि बेतलेल्या सदऱ्याच्या कापडावर लिहिलं, "मशीन बंद." गळ्याचं यंत्र बंद पडलं होतं. पुण्याचा मुलगा नवं पाठवणार होता, पण त्याला वेळ होता, आणि मुक्यानं बाकावर येऊन बसायची चाचांना लाज वाटत होती.

मामांनी यंत्र उघडलं. सेल आत पक्का बसवलेला, फुगलेला. तसा सेल बाजारात शोधला, मिळाला नाही. मामा परत आले आणि खिशातली नळी काढून हातात धरून बसले. मग मामीच म्हणाल्या, "बघून काय राहिलात? फोडा ती." मामांनी छिन्नी लावली. नळीतला, त्याच मापाचा सेल यंत्रात बसवला, या खेपेला काढता-घालता, वरून वाइंडिंगची पट्टी गुंडाळून. चाचांनी यंत्र गळ्याला लावलं.

"अब तू फिर बीडी पिएगा," ते म्हणाले.

मामांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

परवा गेलो तेव्हा दोघं बाकावर होते. चाचा बोलत होते, फार बोलत होते, आणि मामा फुटकी नळी नुसतीच ओठांत धरून ऐकत होते. वाफ नाही, काही नाही. तसे सेल आता नांदेडहून आणलेत ना, मी विचारलं, मग तुमच्या नळीत एक काहून घालत न्हाई? मामांनी खिशातून दोन चार्ज केलेले सेल काढून दाखवले आणि परत ठेवले.

"हे भाईचे हायेत, जावईबापू. बोलता बोलता मधीच थांबला त बदलायला." मग चाचा चहा सांगायला उठून गेले तसे हळूच म्हणाले, "तीन दिस हा गप बसला व्हता. मला वाटलं, बिडीची याद येईल. ह्याचीच येऊन राहिली, ह्या भुंग्याच्या आवाजाची. खरा आवाज कसा व्हता ह्याचा, ते मला आता आठवतच न्हाई."