चर्चा करावी

दुपारचं जेवण झालं की सबनीस साहेब पेपर तोंडावर घेऊन आडवे होतात. एकतीस वर्षं विद्यापीठात काढली, शेवटची नऊ कुलसचिव म्हणून. निवृत्तीनंतर एवढीच काय ती चैन. डोळा लागतो न लागतो तोच पायथ्याशी कुणीतरी खाकरतं.

"साहेब, येऊ का?"

परीक्षा विभागातला तळेकर कारकून. चार वर्षांपूर्वी वारलेला. साहेबांना नवल वाटत नाही, कारण आता पलंगाच्या जागी त्यांचं जुनं टेबल आहे आणि ते खुर्चीत बसलेले आहेत.

तळेकर फाईल पुढे सरकवतो. साहेब ती न उघडताच ओळखतात. प्रश्नपत्रिका फुटली तेव्हा तळेकर निलंबित झाला. चौकशीत निर्दोष ठरला. त्याला कामावर घ्यायला साहेबांची फक्त सही हवी होती. पण सही केली की जबाबदारी आली! साहेबांनी शेरा मारला, 'चर्चा करावी'. होही नाही, नाहीही नाही. अशा चर्चेला कुणी कुणाला बोलावत नसतं, हे शिपायालाही ठाऊक असतं. फाईल अकरा महिने पडून राहिली आणि तळेकर निलंबित असतानाच गेला.

"बायकोला अजून विचारतात लोक, पेपर तुमच्या ह्यांनीच फोडला ना?" तळेकर म्हणतो. "आज तेवढी सही करा, साहेब."

साहेबांना मनापासून लाज वाटते. सही करायचीच, असं ठरवून ते पेन उचलतात. पण एवढ्या वर्षांची सवय ती. कागदावर उमटतं, 'चर्चा करावी'.

तळेकर वाचतो आणि हसतो.

"बरं. मग चला."

"कुठे?"

"चर्चेला."

केबिनचं दार पदवीदानाच्या सभागृहात उघडतं. दिवे नाहीत. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक फाईल. कुणी खोकतसुद्धा नाही. व्यासपीठावर एकच खुर्ची रिकामी आहे. साहेबांची पाचावर धारण बसते.

"आज नको, तळेकर. उद्या बघू."

"उद्या तर उद्या," तळेकर म्हणतो. खिशातून तारखेचा शिक्का काढतो, साहेबांचा हात धरतो आणि मनगटावर दाबतो. शिक्का बर्फासारखा गार आहे.

"अहो, चहा," बायको हलवून उठवते. "आणि हातावर हे काय?"

मनगटावर जांभळी तारीख आहे, उद्याची. साहेब घाईघाईने अंगठ्याने पुसायला जातात. शाई अजून ओली आहे.