वरच्या वाडीचा मेल

दोन-चार माणसं हौसेने फुकटचं काम करायला लागली, की कामापेक्षा किस्सेच जास्त जमतात! आमचंही तसंच. मी महाडला कॉम्प्युटर शिकवतो, शुभांगीताई पोलादपूरकडच्या एका शाळेत शिक्षिका, आणि दत्ताराम तात्या डोंगरातल्या वरच्या वाडीचे शेतकरी.

दरडीच्या धास्तीने आम्ही पाच वाड्यांत पाऊस मोजणारी छोटी यंत्रं बसवली. रोज सकाळी सातला प्रत्येक यंत्र आम्हा तिघांना आकडा मेल करतं. त्या मेलच्या प्रोग्रॅमला ना खिडकी, ना बटण. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची, बस्स!

*

पाठवणारा कोण हे सांगितलं नाही, तर प्रोग्रॅम स्वतःच नाव घालतो. पहिल्या दिवशी पाचही मेल 'रूट' या, यंत्राच्या मुख्य खात्याच्या नावाने आले.

तात्या म्हणाले, "ह्यो रूट कोन हाय? पाची वाड्यांत एकाच टायमाला कसा पोचतो?"

मग मी प्रत्येक यंत्राच्या सेटिंगच्या फाईलमध्ये त्या-त्या वाडीचं नाव घातलं.

*

कमांड देतानाच वेगळं नाव लिहिलं, तर फाईलमधलं नाव बाजूला पडतं. हे दाखवायला मी शुभांगीताईंना त्यांच्याच नावाने मेल पाठवला: 'मी घरी पोचले.'

लगेच फोन. "सर, मला माझाच मेल आलाय! मी तर अजून शाळेतच आहे!"



*

एकदा ताईंनी घाईत वरच्या वाडीची सेटिंगची फाईल पलीकडच्या वाडीच्या यंत्रावर नाव न बदलता तशीच उतरवली. दुसऱ्या सकाळी वरच्या वाडीच्या नावाने दोन मेल. एकात वीस मिलिमीटर, दुसऱ्यात दोनशे दहा!

वरची वाडी पोरंबाळं घेऊन खाली ताईंच्या शाळेत उतरली. तात्या वैतागलेले. "आमच्याकडं नुस्ती भुरभुर व्हती. पन मेल म्हनतोय म्हनून आलो!"

खरा पाऊस पलीकडे झाला होता, आणि तिथले लोक निवांत चहा पीत होते. ताई फोनवर ओरडत राहिल्या, "निघा, आधी निघा!"

दुपारी तिथे दरड कोसळली. एक गोठा गेला, माणसं वाचली. हा किस्सा सांगताना ताई अजूनही हसत नाहीत.

*

पुढे वरच्या वाडीच्या जमिनीलाच भेग पडली. घरं सोडून सगळे खाली आले. तिथलं यंत्र आम्ही काढलं, बॅटरी वेगळी केली आणि शाळेच्या कपाटात ठेवलं. एकटे तात्या तेवढे रोज पहाटे भाताकडे वर जात.

महिन्याभराने एका सकाळी सातला मेल आला. पाठवणारा: वरची वाडी. पाऊस: सत्त्याऐंशी मिलिमीटर.

मी तडक शाळा गाठली.

"कुणीतरी नाव बदलून चेष्टा केली असेल," ताई म्हणाल्या.

पण नाव बदलता येणारे आम्ही दोघंच! मेलच्या वरच्या ओळींत यंत्राचा नंबरही होता. कपाटातल्या यंत्राचा. कपाट उघडलं. यंत्र जागेवर, बॅटरी शेजारी, दोन्हींवर धूळ.

तेवढ्यात तात्या आले. थेट डोंगरावरून, निथळत. फोन ते वर नेतच नाहीत, त्यामुळे मेलचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"सर, पाऊस मोजायची काचेची नळी वर अजून तशीच हाय. मी रोज बघतो नि ओततो. आज लय पडला. लिवून घ्या," म्हणत त्यांनी तळहात पुढे केला.

पेनाची शाई जरा फिसकटली होती, तरी आकडा वाचता येत होता.

८७.