खिडकीखालचा वाफा

गंगापूर रोडवर साठच्या दशकात बांधलेले जे थोडे बंगले अजून उभे आहेत, त्यातल्या एकाच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा आर्किटेक्ट म्हणून मला स्वतंत्र काम सुरू करून चारच वर्षं झाली होती. सपाट छत, पोर्चला तिरके बारीक खांब, दर्शनी भिंतीला काळा दगड, जिन्याशेजारी सिमेंटची जाळी. अशी घरं पाडताना कोणाला वाईट वाटत नाही. वाडा म्हणून मिरवावीत इतकी ती जुनी नसतात आणि भाव यावा इतकी नवीही नसतात. शेजारच्या दोन्ही प्लॉटवर आधीच सात मजली इमारती उठल्या होत्या.

घर गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं होतं. मी त्यांना सर म्हणत असे. वय ऐंशीच्या पुढे. आदल्या पावसाळ्यात त्यांची पत्नी गेली होती. पुण्यातल्या मुलीने वडिलांसाठी स्वतःच्या इमारतीतच फ्लॅट बघून ठेवला होता. सर म्हणाले, घर दुरुस्त करा, मी तिथेच राहणार. मुलगी तयार झाली, पण फोनवर मला तिने स्पष्ट सांगितलं, "पावसाळ्यापर्यंत बघते. पप्पांना एकट्याने तिथे जमलं नाही, तर पुण्याला आणणार आणि घर बिल्डरला देणार. तुम्हाला आधीच सांगून ठेवते."

पहिल्या भेटीत सरांनी माझं गाव विचारलं.

"सायखेडा."

"घरी शेती?"

"हो सर. कांदा, थोडी भाजी."

"झालं तर मग. बागही तुम्हीच बघा. मातीतल्या माणसाला काय सांगायचं!"

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. कॉलेजात पाच वर्षं मी गावाचं नाव हळू आवाजात सांगत आले होते. इथे पहिल्यांदाच कोणीतरी त्या नावामुळे माझ्यावर जास्त विश्वास टाकत होतं. त्या एका वाक्यासाठी मी ते घर जिवापाड जपायचं ठरवलं.

सर मुलीकडे गेले आणि मी रिकाम्या घरात काम सुरू केलं. मी चप्पल बाहेर काढून आत जायचे. मजूर हसायचे. पण त्या घरात कोणीतरी वावरत होतं. स्वयंपाकघरातला ओटा नेहमीपेक्षा तीन बोटं खाली होता, कारण सरांच्या पत्नी ठेंगण्या होत्या. ओट्यासमोरच्या मोझॅकच्या दोन फरशा त्यांच्या पायांनी गुळगुळीत झाल्या होत्या. लोखंडी खिडक्यांपैकी पूर्वेकडच्या एकाच खिडकीचा खटका हाताने झिजून चकचकीत झाला होता. भिंतीतलं कपाट सोडवलं तेव्हा मागे केसांचा एक आकडा सापडला. मी तो परत तिथेच ठेवून कपाट बसवलं. संध्याकाळी कुलूप लावताना मी "येते हं" म्हणायचे आणि मग माझं मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

फुटलेल्या फरशांच्या जागी जुन्या घरांचा माल विकणाऱ्याकडून मिळत्याजुळत्या आणल्या, अगदी तशाच नाहीत. सरांना मी फोनवर सांगितलं होतं, "सर, नवा तुकडा नवा म्हणूनच ओळखू यावा. घराशी खोटं बोलायचं नाही." ते म्हणाले, "हे आवडलं मला."

फेब्रुवारीत बागेचं काम काढलं. मेंदीचं कुंपण छाटलं, वाकड्यातिकड्या शहाबादी तुकड्यांची पायवाट पुन्हा बसवली. त्या पूर्वेच्या खिडकीखाली एक वाफा होता, पूर्ण मोकळा. आमच्याकडे उन्हाळ्याआधी रान खोल खणून तापायला सोडतात. मी तसंच करायला सांगितलं.

खणणाऱ्या मावशींनी हाक मारली. "ताई, कांदे निघाले बघा. लय हायेत."

मी एक उचलला. नखाने सोलून वास घेतला. कांद्याचा वास नव्हता. बोटांना चीक लागला आणि खाज सुटली.

"रानकांदा आहे, मावशी. विषारी असतो. सगळे वेचून राडारोड्यात टाका."

"फेकू ना नक्की? कोणी लावल्यावाणी वाटतेत."

"लावले असते तर रांगेत नसते का?"

"तुम्ही म्हणता तर खरं. शिकलेल्या हायेत तुम्ही."

"शिकलेली नंतर. आधी कांदेवाल्याची पोर आहे," मी म्हणाले आणि आम्ही दोघी हसलो. तीन घमेली भरली. दुपारी ट्रॅक्टर आला आणि सगळं नदीकडच्या एका खोलगट प्लॉटवर भरावाला घेऊन गेला.

एप्रिलमध्ये सर मुलीबरोबर एका दिवसासाठी आले. सगळ्या खोल्यांतून हळूहळू फिरले. ओट्यावर तळवा ठेवून म्हणाले, "उंची तशीच ठेवलीत." मग पूर्वेच्या खिडकीतल्या बैठकीवर बसून त्यांनी खाली पाहिलं.

"अजून वर आली नाहीत. मे लागला की येतील."

"काय सर?"

"हिची फुलं. लग्नानंतर माहेरून कंद आणले होते तिने, पातळाच्या घडीत गुंडाळून. आधी नुसता दांडा येतो, त्यावर लाल चेंडू. पानं मागाहून. थंडीभर तिथे काही दिसत नाही. पहिल्या वर्षी मीच विचारलं होतं, ही जागा रिकामी का ठेवलीस म्हणून."

मुलगी म्हणाली, "त्या वाफ्यात आमचा बॉल गेला तरी आई ओरडायची." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "त्या फुलांसाठीच परत यायचंय त्यांना. बाकी काही नाही."

मला तेव्हा बोलता आलं असतं. आत्ता सांगितलं तर ही त्यांना आजच कायमचं घेऊन जाईल, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं नव्हतं. पण खरी भीती मला माझ्यासाठी वाटत होती. मातीतल्या माणसाने हे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या प्लॉटवर गेले. भरावावर मुरूम टाकून रोलर फिरवलेला होता. मी काठीने दोन-चार ठिकाणी टोचून पाहिलं. काठी बोटभरही आत गेली नाही.

मग नर्सऱ्या पालथ्या घालून मी तसे कंद शोधले. वीस मिळाले, काहींना कोंब फुटलेले. मजूर जेवायला बसले होते तेव्हा स्वतःच्या हाताने लावले आणि वर वाळलेला पाला पसरला.

सर अक्षय्य तृतीयेला राहायला आले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "या, बघायला या. तिने वेळ पाळली."

मी गेले. वाफा लाल झाला होता. इस्त्रीचा शर्ट घालून सर खिडकीत बसले होते. "सकाळी चहा घेताना बोलतो तिच्याशी," ते म्हणाले. "आधी वाटलं, वेड लागलं का आपल्याला. पण बरं वाटतं. पुण्यात असं बोलता यायचं नाही."

मी त्यांच्या मागे उभी होते. रिकाम्या घरात काम करताना कितीदा तरी त्याच जागी उभी राहिले होते आणि प्रत्येक वेळी पाठीशी कोणीतरी असल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी पाठीशी कोणी नव्हतं. घर भरलेलं होतं, सर बोलत होते, फुलं होती, आणि तिथे कोणीच नव्हतं. इतकी भीती मला त्या घरात त्याआधी कधी वाटली नव्हती.

आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा बोलावलं. या वेळी ते बागेत उभे होते.

"आर्किटेक्टबाई, एक उदाहरण सोडवा. चार ओळी, प्रत्येकीत पाच फुलं. दोन फुलांत एक वीत, दोन ओळींत एक वीत. मी मोजून पाहिलं. कांद्याचं रोप असंच ओळीत लावतात ना?"

मी वाफ्याच्या कडेला उकिडवी बसले.

"हिची फुलं जन्मात कधी अशी कवायतीला उभी राहिली नव्हती."

मग मी सगळं सांगितलं. रानकांदा, घमेली, मुरूम, नर्सरी. ते मध्ये एकदाच बोलले. "वास घेऊन पाहिलात?"

"हो सर."

"आणि तरी खात्री होती."

"हो."

त्यांनी वाकून एका फुलाला बोट लावलं. मग विचारलं, "म्हणजे इतके दिवस मी कोणाशी बोलत होतो?"

मी वर खिडकीतल्या बैठकीकडे पाहिलं.

"काढून न्या," ते म्हणाले.

"सर, फुलं आहेत. निदान फुलून जाऊ दे."

"त्यांचा काही दोष नाही. पण आता न्या."

मी खुरप्याने एकेक काढत गेले. ते समोर गोणीचं तोंड धरून उभे राहिले, कारण मला एकटीला ते जमत नव्हतं. रडू आवरत मी नको ते विचारलं, "पुण्याच्या ताईंना सांगणार का?"

"सांगितलं तर ती मला घेऊन जाईल. तुमच्यासाठी गप्प बसत नाही मी, माझ्यासाठी बसतोय."

गोणीतून लाल चेंडू बाहेर डोकावत होते. गाडीवर पुढे ती गोणी घेऊन मी थेट सायखेड्याला गेले. वडिलांनी कंद विहिरीच्या कडेला लावले. "असला कांदा बाजारात कोण घेतं गं?" ते हसून म्हणाले. आता ते तिथे दर मे महिन्यात फुलतात. आई फोटो पाठवते. मी मे महिन्यात गावी जात नाही.

सर अजून त्या घरात आहेत. वाफ्यात काही लावायचं नाही, असं त्यांनी मला त्या दिवशीच बजावलं होतं. रोज सकाळी ते त्या मोकळ्या मातीला पाणी घालतात. कंपाउंडची भिंत बुटकी आहे, रस्त्यावरून दिसतं. मी तिकडून जाते तेव्हा नजर वर ठेवते, सिमेंटच्या जाळीवर, छताच्या रेषेवर.

दर मेमध्ये एकदा त्यांचा फोन येतो. पहिल्या वर्षी म्हणाले, "एखादा खोल राहून गेला असेल म्हणून बघतो. तुम्हालाही काळजी असेल, म्हणून कळवलं. अजून काही नाही." आता एवढंही बोलत नाहीत. "अजून नाही," म्हणतात. मी "बरं सर" म्हणते. रागाचा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ऐकला असता तर बरं झालं असतं.

मुलगी अजून त्यांना पुण्याला बोलावते. मला एकदा ती म्हणाली, "काय जादू केलीत हो तुम्ही त्या घरावर? दरवेळी म्हणतात, एवढा मे होऊ दे, मग येतो."

आणि मे होऊन जातो.